मोटारीचं पाणी जाते कुठं?

आमच्या मोटारीले एकच रोग होता. संध्याकाळी बादलीभर पाणी प्यायची अन् सकाळी पाह्यलं तं पोट कोरडं ठणठणीत. बरं, खाली जमिनीवर थेंब नाई. सारा मोताळा गाव म्हणे गाडी गळते. अन् मी, ज्यानं तिच्या पोटाखाली झोपून झोपून पाठीची सालं काढली, तो मी एकटाच सांगून राह्यलो होतो का गळती मी बंद केली. कोणाचं खरं वाटीन? माह्यं तं वाटणारच नाई. आठवीतून पळालेल्या पोराचं आमच्या गावात इंजनसुद्धा ऐकत नाई.

गळती होती, हे मी नाकारत नाई. गाडी खामगावच्या एका डॉक्टराची, इंग्रजाच्या राज्यातली. डॉक्टर म्हातारा झाला, गाडी बी झाली. बाबानं घेतली तवा रेडिएटरची रबरी नळी फाटेल होती अन् त्यातून पाणी असं पडे जशी म्हैस उभ्या उभ्या मोकळी होते. मी सायकलची जुनी ट्यूब कापली, नळीले तीन वेढे मारले, वरून सुतळी आवळली. कल्हईवाल्याकडून रेडिएटरच्या शिवणीले डाग मारून घेतला. मंग अर्धा तास इंजन चालवलं. थेंब नाई! बाबाले बोलावून दाखवलं. माहे बाबा, नारायणराव, कचेरीत कारकून. त्यायले डोळ्यानं पाहून कोणतीच गोष्ट पटत नाई, कागदावर पायजे. तरी बी 'ठीक आहे' म्हणाले. आमच्या घरात मले 'ठीक आहे' म्हणणं म्हंजे गावजेवण.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटरचं झाकण काढून बोट घातलं. कोरडं.

आता यात माह्यं काय अडलं होतं ते सांगतो. गाडीचं पासिंग संपेल होतं. त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बुलढाण्याले मोटारी तपासणारा साहेब येणार होता. शनिवारी बारा वाजेच्या आत गाडी राजूरचा घाट चढून साहेबापुढं उभी राह्यली अन् पास झाली, तं मी मलकापूरले कडूबा मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकाले जाणार. नाई झाली, तं सोमवारी शाळेत. आठवीत. आठवी मी मांगच्या साली सोडली. सोडली म्हंजे, गणिताच्या तासाले राग आला म्हणून कंपासपेटी खिडकीतून फेकली अन् तिच्या मांगं मी बी गेलो. त्या आठवीत आता माही लहानी बहीण सुलभा बसत होती. पहिल्या बाकावर, पहिल्या नंबरानं. तिच्या मांगं मी, ओठावर मिसरूड घेऊन! रोज जेवताना ती साळसूदपणानं इचारे, "दादा, तुह्यासाठी बाक धरून ठेवू का?" एकदा मी पाण्याचा तांब्या उचलला होता, पण आईनं हात धरला.

ही अट बाबाच्या डोक्यातून निघेल नव्हती. ती निघाली माणिकराव गुरुजीच्या डोक्यातून. माणिकराव म्हंजे शाळेचे हेडमास्तर अन् आमचे शेजारी. भिंत एक, अंगण एक. आमची मोटार उभी राहे ती बरोबर त्यायच्या न्हाणीच्या दारापुढं. गुरुजीले कंबरदुखी होती. दोन वर्षं वैद्याचं तेल झालं, विटेचा शेक झाला. पण या महिन्यात कंबर सुधारली होती अन् त्याचं श्रेय ते सकाळच्या योगासनाले देत होते. कंबर सुधारली तशी जीभ बी मोकळी झाली होती.

"नारायणराव," गुरुजी म्हणाले, "मुलाला संधी द्या. संधी दिली नाही असं त्यानं म्हणू नये. शनिवारी गाडी पोचली तर तो म्हणेल तसं. नाही पोचली तर मी म्हणेन तसं. मी स्वतः सोबत येतो, साक्षीदार म्हणून."

माह्याकडं पाहून ते असे हसले जसं का सोमवारच्या हजेरीत माह्यं नाव टाकूनच आले होते.

त्यात कचेरीचा कागद आला. कागदात लिवलं होतं का पासिंग नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणू नये. त्याच कागदात खाली लिवलं होतं का पासिंगसाठी वाहन बुलढाणा येथे समक्ष हजर करावे. मी म्हटलं, "बाबा, गाडी काय उडत नेऊ?" बाबानं कागद दोनदा मोठ्यानं वाचला, अन् पानसुपारी खाल्ल्यासारखे डोळे मिटले. "काय मसुदा आहे! दोन्हीकडून बंद. असा मसुदा लिवाले वीस वर्षं नोकरी लागते."

मंग बाबानं अर्ज केला, त्यावर शेरा आला, शेऱ्यावर खुलासा गेला, अन् शेवटी एका दिवसाची परवानगी आली. शनिवारी सूर्योदयापासून दुपारी बारापर्यंत. गाडी लायसन्सवाल्यानं चालवावी. अन् शेवटची अट अशी का, घाटातल्या रस्त्यावर नवीनच डांबर पडेल असल्यामुळं वाहनातून कोणत्याही प्रकारच्या द्रवाची गळती होता कामा नये. बाबानं त्या ओळीखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारली अन् कागद माह्या नाकापुढं धरला. "वाच. कोणत्याही प्रकारच्या."

शनिवारपर्यंत गाडी अंगणाबाहेर काढता येत नव्हती. म्हणून मी रोज संध्याकाळी उभ्या उभ्याच इंजन अर्धा तास चालवत होतो. पाणी चांगलं चटके बसाजोगं तापे. मंग मी बंद करून इहिरीवर हातपाय धुवाले जाय, तिथून जेवाले. अन् सकाळी पुन्हा कोरडं.

मी बी काय सोडणारा नव्हतो. गळती कुठं आहे ते पाहाले एका संध्याकाळी मी गाडीखाली चुलीची राख पसरली. कुठं बी थेंब पडला तं राखेत भोक दिसीन. सकाळी उठून पाह्यलं तं राखच नाई! गुरुजीची बायको, रुक्मिणीकाकू, अंगण झाडून, सडा टाकून, वर रांगोळी काढून मोकळी. "अंगणात राख कोणं सांडली रे अंता?" मलेच इचारते. दुसऱ्या दिवशी जुनी वर्तमानपत्रं अंथरली. तीबी काकूनं घडी घालून रद्दीत ठेवून देल्ली. इतकी टापटिपीची बाई मी दुसरी पाह्यली नाई. काकूवर राग काढता येत नव्हता. माह्या घरी मार पडला का पोळीवर लोणी घालून हीच बाई मले वाढे.

राग मी गावावर काढला. पण गाव काय कमी होतं? जो येई तो चाकाले लाथ मारून पाहे. चाक अन् पाणी यांचा संबंध काय, हे मले आजवर कोणी सांगतलं नाई. आईनं समोरच्या लोखंडाले लिंबू-मिरची बांधली. सोजराबाई म्हणून समोरच्या घरची म्हातारी रोज काठी टेकत येई, रेडिएटरात तोंड घालून "हूऽऽ" करे, अन् आवाज परत आला का मान हलवे. "रिकामी आहे," म्हणे. जसं का मले माहीत नव्हतं.

सगळ्यात जास्त डोकं फिरवलं गुरुजीनं. ते रोज संध्याकाळी अंघोळ करून, अंगाले भस्म लावून, ताज्या कंबरेनं अंगणात येत अन् उभ्या उभ्या तास घेत.

"अनंता, पाणी गळत नाही. पाण्याची वाफ होते. त्याला बाष्पीभवन म्हणतात."

"गुरुजी, झाकण बंद आहे. वाफ जाईन कुठून?"

"ते तू आठवीत शिकला असतास."

"अन् वाफ रोज बरोबर एक बादलीच होते?"

"निसर्ग फार नियमित असतो," गुरुजी म्हणाले. सुलभा ओट्यावर बसून ते वहीत लिवून घेत होती.

गुरुवारी मोतीराम आला. मोतीराम म्हंजे एस्टीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. लायसन्सवाला म्हणून शनिवारी गाडी तोच हाणणार होता. साऱ्या गावात गाडी पाहून लाथ न मारणारा तो एकटा. खाली वाकला, माह्या सुतळीवर हात फिरवला, म्हणाला, "बांदली तं बेस हाये बे. मंग पानी कुठी जाते?"

"तेच तं इचारून राह्यलो काका."

"आतून भेग असंन. बारीक. गरम झाल्यावर उघडत असंन अन् इंजन पित असंन. त्याले एकच दवा. हयद. पावशेर हयद टाक. गरम पान्यात फुगते अन् भेगीत जाऊन बसते. आमी एस्टीत करत जावो."

समोरून सोजराबाईनं ऐकलं. "एकल्या हयदीनं काय होते? हयद रंगवते, चिकटत नाई. संगं बेसन घाल."

मोतीरामले बेसन पटलं नाई. पण वाद घालाले म्हातारी काही एस्टीची पॅसिंजर नव्हती. माह्याजवळ दुसरा उपाय नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी आईच्या डब्यातली पावशेर हळद अन् दोन मुठी बेसन पाण्यात कालवून रेडिएटरात ओतलं. इंजन सुरू केलं. अर्ध्या तासानं अंगणात असा वास सुटला का रस्त्यानं जाणारा माणूस बी थबकून म्हणे, आज यायच्या घरी पाव्हणे आहेत वाटते. इंजन बंद केलं, इहिरीवर गेलो, अन् मनात म्हटलं, आता भेग असो का बीळ असो, भरलं.

हातपाय धुऊन परत येतो तं गुरुजीच्या न्हाणीतून बोंब.

"अगंऽऽ! रक्त! रक्त आलंय!"

मी धावलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कंदिलाच्या उजेडात माणिकराव हेडमास्तर पंचा गुंडाळून उभे. डोक्यापासून बेंबीपर्यंत हळद लागलेल्या नवरदेवावानी पिवळे. अन् छातीवर, मानेवर, कानामांगं जिथं जिथं साबण लागला होता तिथं तिथं लालभडक. हातातली साबणाची वडी बी लाल. जितकं घासत, तितकं लाल होत. म्हणून आणखी घासत.

रुक्मिणीकाकू बादलीजवळ उभी. बादलीत पिवळं जाड पाणी, त्यातून वाफा निघून राह्यलेल्या, अन् वर बेसनाची एक गुठळी डौलात तरंगून राह्यलेली.

ती गुठळी मी वळखली. माहीच होती.

मी मागं वळून गाडीकडं पाह्यलं. रेडिएटरच्या बुडाशी पाणी सोडाची पितळी तोटी. तिच्यातून एक शेवटचा पिवळा थेंब लोंबून राह्यला होता. न्हाणीच्या दारापासून तोटी तीन पावलावर. मले सारं समजलं. इतके दिवस मी ज्या गळतीच्या मांगं लागलो होतो, ती गळती पंचा नेसून माह्यापुढं उभी होती.

"रक्त नाई गुरुजी," मी म्हटलं. "हळद आहे. साबण लागला म्हणून लाल झाली."

"हळद? पाण्यात हळद कुठून आली?"

काकूनं पदर तोंडाले लावला. "मोटारीतून."

गुरुजीले पहिल्यांदा कळलंच नाई. मंग कळलं. त्यायच्या पिवळ्या तोंडाचा रंग बदलला असंन, पण तो दिसाले जागा नव्हती.

"लाकडं वली आली होती हो," काकू म्हणाली, "चूल पेटत नव्हती. अन् इथं रोज आयतं कढत पाणी. तोटी दिसली. मी म्हटलं, हा पोरगा तं रोज पुन्हा भरतेच. पाणी जरा तांबूस येई, पण म्हटलं गरम पाण्याच्या कुंडाचं बी असंच असते, लोखंडाचं. अन् तुमची कंबर सुटली का नाई? आज जास्तच पिवळं आलं, तं मले वाटलं आज गुण जास्त येईन."

दोन वर्षांची कंबर सुधारली होती ती योगासनानं नाई, आमच्या इंजनाच्या पाण्यानं. हे ऐकून गुरुजी जे खाली बसले ते पाटावर नाई, सरळ ओल्या फरशीवर.

मी तोंड उघडलं. काय काय नाई आलं डोक्यात! आत्ता अंगणात जाऊन बोंब ठोकावी, सोजराबाईले आणावं, मोतीरामले आणावं, सुलभाले वही घेऊन आणावं. पण पहिले जे तोंडातून निघालं ते इतकंच, "गुरुजी, हेच का ते बाष्पीभवन?"

काकूनं माह्या हाताले धरलं.

"अंता, माही शपथ आहे तुले. कोणाले सांगू नको. उद्या गावात यायले तोंड दाखवता येणार नाई. मी चोर नाई रे. मागाचंच होतं तुले. पण मोटारीचं पाणी मागते कसं कोणी?"

लोणी लावलेल्या पोळ्या अशा वेळी घशात येतात. मी म्हटलं, "नाई सांगत."

रात्री मले झोप नाई. गळती नव्हतीच! माही सुतळी, माही ट्यूब, माहा डाग, सारं पक्कं होतं. अन् हे जगात तीनच माणसाले माहीत. त्यातला एक शपथेनं बांधलेला, दोघं शरमेनं.

या शपथेचा पहिला फटका सकाळीच बसला. पहाटे मी रेडिएटर साध्या पाण्यानं भरला अन् कपडे कराले आत गेलो. तेवढ्यात आई आली. गाडी गळते हे तिच्या मते अजून खरंच होतं. लेकाचं भलं व्हावं म्हणून तिनं कोणाले न सांगता सोजराबाईच्या सल्ल्यानं आणखी अर्धा शेर बेसन अन् उरलेली सारी हळद आत ओतली, झाकण लावलं अन् झाकणाले कुंकू लावलं. मले ते कुंकू दिसलं. बेसन दिसलं नाई.

निघालो. मोतीराम स्टेरिंगवर, शेजारी बाबा मांडीवर फाइल घेऊन. मांगं मी, दोन पाण्याचे डबे, अन् गुरुजी. गुरुजीनं लोकरीची शाल डोक्यावरून घेतली होती, वरून मफलर, पायात मोजे. दिवस ऑक्टोबरचे, ऊन चटके देणारं. बाबानं मांगं वळून इचारलं, "गुरुजी, तब्येत?"

"थोडी कणकण आहे."

"मंग राहू द्याचं होतं."

"शब्द दिला होता," गुरुजी म्हणाले, अन् माह्याकडं अशा नजरेनं पाह्यलं जशी नापास पोरं परीक्षेच्या निकालाकडं पाहतात.

राजूरपर्यंत गाडी नव्या नवरीसारखी चालली. घाट लागला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर मोतीरामनं नाक वर केलं.

"कोनाच्या घरी पिठलं शिजून राह्यलं बे?"

घाटात कुठलं घर? मी खिडकीतून पुढं पाह्यलं तं बॉनेटच्या फटीतून वाफ, अन् वाफेच्या मांगून पिवळे बुडबुडे. मोतीरामनं ब्रेक मारला, चाकाले दगड लावला. मी फडक्यानं झाकण धरून फिरवलं अन् बाजूले उडी मारली. झाकण हवेत गेलं अन् त्याच्या मांगं पिठलं. शिजलेलं, चांगलं फुगलेलं. त्यात फक्त फोडणी कमी होती.

"डांबर! डांबरावर पडून राह्यलं!" बाबा ओरडले. "कोणत्याही प्रकारच्या द्रवाची!" अन् त्यायनं काय केलं असंन? परवानगीचा कागद तेवढा काढून खिशात घातला अन् उरलेली फाइल पिठल्याखाली धरली. कारकुनानं आयुष्यात पहिल्यांदा फाइलचा उपयोग केला.

"हा द्रव नाई बाबा," मी म्हटलं, "हा घन आहे."

मी तोटी उघडली. काही येत नाई. बेसनानं नळ्या बसल्या होत्या. मी बाबाची छत्री घेतली, तिची एक काडी मोडली अन् खालून घालून कोंबत गेलो. डब्यातलं पाणी वरून ओतून संपवलं, अन् रिकाम्या डब्यात गोळेच्या गोळे पडाले लागले. आता आतून धुवाले पाणी पायजे होतं, अन् आमचे डबे पिठल्यानं भरेल. वर पुढच्या वळणावर रस्त्याच्या मजुरायचं पाण्याचं पिंप होतं. मोतीरामचा गुडघा दुखत होता. बाबा फाइल सोडत नव्हते.

तवा शाल हालली. गुरुजी उतरले. डबा रिकामा केला, उचलला अन् चढाले लागले.

अकरा खेपा. मी मोजल्या. चढणीनं वर, भरला डबा घेऊन खाली. डोक्यावर शाल, मफलर, वरून ऊन. घामानं शाल पिवळी होत चालली होती, पण ते थांबले नाई. कमरेवर हात सुद्धा ठेवला नाई. मी डबा हातात घेताना हळू आवाजात म्हटलं, "गुरुजी, कंबर?"

"बरी आहे," ते दम खात म्हणाले. मंग आणखी हळू, "फारच बरी आहे."

पाणी स्वच्छ आलं, गाडी थंडी झाली, अन् बाराले दहा मिनिटं कमी असताना आम्ही बुलढाण्याले साहेबापुढं उभे होतो.

साहेब उंच, सुकलेला माणूस. त्यानं ब्रेक पाह्यले, दिवे पाह्यले, हॉर्न वाजवला. मंग बॉनेट उघडलं. माही सुतळी पाह्यली. मंग खाली वाकून तोटीवर बोट फिरवलं अन् बोट बाबाच्या तोंडापुढं धरलं. पिवळं.

"हे काय आहे?"

बाबा माह्याकडं पाहाले लागले.

"हळद-बेसन," साहेब म्हणाला. "गळती लपवायला भरतात. वीस वर्षं पाहतोय मी. गाडी गळकी आहे. नापास."

त्यानं पेनाचं टोपण काढलं. माह्या डोळ्यापुढं आठवीचा वर्ग आला. मांगचा बाक, पुढं सुलभाची वेणी. गाडी गळत नाई हे मले माहीत होतं, अन् मंग पाणी कुठं जाय हे सांगता येत नव्हतं. मी शपथ मोडणारच होतो. खोटं नाई सांगत, तोंड उघडलंच होतं.

"साहेब, थांबा." मांगून आवाज आला. शाळेत घंटा झाल्यावर येते तसा.

गुरुजीनं मफलर सोडला. शाल काढली. बुलढाण्याच्या भर दुपारी, दहा-बारा मोटारवाल्यांसमोर पिवळे-लाल हेडमास्तर उभे राह्यले. एक ट्रकवाला हातातली बिडी विसरला.

"हे लपवणं नाही," गुरुजी म्हणाले, "हे शोधणं आहे. पाणी रंगीत केलं की ते कुठून जातं ते कळतं. हळदीला साबण लागला की लाल होते, हे रसायनशास्त्र आहे. या पद्धतीनं या मुलानं पाणी नेमकं कुठं जातं हे काल संध्याकाळी शोधून काढलं. आणि बंद केलं. गाडी आज गळत नाही, याचा मी साक्षीदार आहे. या प्रयोगात मी... स्वतः सहभागी होतो."

त्यात एक शब्द खोटा नव्हता. मी आजवर इतकं खरं अन् इतकं खोटं एका दमात बोलताना कोणाले ऐकलं नाई.

साहेबानं गुरुजीकडं पाह्यलं, मंग तोटीकडं, मंग अर्धा तास गाडी चालू ठेवून खाली डोकं घालून पाह्यलं. थेंब नाई. उठून माह्याकडं वळला.

"खरं का रे? हे तुझ्या डोक्यातून निघालं?"

सांगतो. 'नाई' म्हणायची वेळ तीच होती. नाई साहेब, मोतीरामकाकांनी सांगतलं, सोजराबाईनं सांगतलं, मी नुसतं ओतलं. गाडी तं पास होणारच होती. पण मी बाबाकडं पाह्यलं. बाबाच्या हातात पिठल्यानं माखलेली फाइल होती अन् डोळे भरून आले होते. माह्यामुळं ते काही पहिल्यांदा रडत नव्हते. पण असं तोंड करून कधी रडले नव्हते. सोळा वर्षांत माह्याकडं असं कोणी पाह्यलंच नव्हतं.

"हाव साहेब," मी म्हटलं.

"शाब्बास. कोणत्या वर्गात आहेस?"

मी उत्तर द्यायच्या आधी बाबा बोलले. छाती पुढं काढून, खड्या आवाजात. "आठवीत, साहेब! सोमवारपासून."

"बाबा, मलकापूर..." मी म्हटलं.

"कायचं मलकापूर? असं डोकं काय चाकं काढाले आहे? तू इंजिनेर होशीन लेका!" अन् त्यायनं भर रस्त्यात मले छातीशी धरलं. बेसनासकट. गुरुजी दुसरीकडं पाहून राह्यले होते. त्यायनं मले वाचवाले तोंड उघडलं होतं, हे मले बी माहीत आहे. म्हणून तं त्यायच्यावर रागावता बी येईना. घरी येताना घाट उतरताना मोतीराम एकदाच म्हणाला, "जिकला बे तू."

सोमवारी मी आठवीत बसलो. गुरुजीच्या कानामांगं अजून थोडं पिवळं होतं. त्यायनं सगळ्या वर्गापुढं मले फळ्याजवळ बोलावलं अन् प्रयोग समजावून सांगाले लावलं. मी फळ्यावर रेडिएटर काढला, नळी काढली, तोटी काढली. हळद घातली, पाणी तापलं, गळती सापडली, इथवर सांगतलं. पोरं टाळ्या वाजवाले लागली. खरं सांगतो, वाईट वाटत नव्हतं.

तवा पहिल्या बाकावरून हात वर आला. वेणी मांगं टाकून सुलभा उभी राह्यली.

"गुरुजी, एक शंका. हळद गाडीत घातली होती. मंग ती तुमच्या अंगाले कशी लागली?"

मी हातातला खडू पाहत राह्यलो. गुरुजीनं घसा साफ केला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ते नववीत आहे," ते म्हणाले, अन् फळा पुसाले लागले.